आईझाडावर एकच घाव

"हट गं बाये, हट गं बाये, वरनं येतंय जड,
पायाजवळी पडू दे गं, डोईवर नको घड!"

हा माझ्या बापाचा आवाज. मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन. तेलताडाच्या रांगांमध्ये उजेड हिरवा पडतो, पाण्याखाली असावा तसा. त्या उजेडात आई आणि मी सुटी फळं वेचत असायचो आणि तीन-चार रांगा पलीकडून हा आवाज यायचा. लांब बांबूच्या टोकाला बांधलेला कोयता घडाच्या देठाला लावला, की ओढायच्या आधी प्रत्येक तोडणारा आपापलं कडवं म्हणायचा. कुणाचं चावट, कुणाचं रडकं. बायका ओळखायच्या, हा सार्मिन, हा केर्तो, सरका पोरींनो. मग देठ कर्रकन तुटायचा आणि वीस-पंचवीस किलोचा घड धप्पकन जमिनीवर यायचा. पायाखालची माती हलायची. मला कधी भीती वाटली नाही. आधी सांगितलेलं असायचं ना.

चौदा नंबरच्या तुकड्यात मात्र आधी कुणी काही सांगितलं नाही.

ब्याण्णव साल. सियांतार गावाजवळच्या आमच्या मळ्यावर त्या सकाळी सणासारखी गडबड होती. बाटलीत वाढवलेल्या रोपांचे तीनशे चाळीस ताड, लावून तीन वर्षं झालेले, पहिल्यांदा घडावर आले होते. प्रयोगशाळेतली आम्ही सगळी माणसं जीपमध्ये दाटीवाटीने बसून निघालो होतो. आमचे साहेब पाक मार्पाउंग पुढे बसले होते. मोठ्या माणसाला आम्ही आदराने पाक म्हणतो. मागे तिउर्मा आणि मी, दोघींच्या मांडीवर मिळून केळीच्या पानावरचा पिवळ्या भाताचा डोंगर, शेंड्याला लाल मिरची खोवलेली. खड्डा आला की आम्ही दोघी डोंगराला मिठी मारायचो.

"पाक," तिउर्मा मागून म्हणाली, "आज शर्टाला इतकी इस्त्री मारलीत की माशी बसली तर घसरून मरेल."

"माशी नाही, मंत्री बसायचेत माझ्या शेजारी पुढच्या महिन्यात," पाक मार्पाउंग म्हणाले. "सवय करून घेतोय."

तिउर्मा माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती तोबा सरोवराकडची, मी जावाच्या मजुरांची लेक. तिच्या लोकांत बायका एकमेकींना एदा म्हणतात, आपण नणंद-भावजय म्हणू तशातलं काहीतरी. पहिल्याच दिवशी तिने मला एदा करून टाकलं. तिचं बोलणं मिरचीसारखं, पण डब्यातल्या माशाचा मधला तुकडा माझ्या भातावर तीच टाकायची.

पहिला घड तोडायचा मान माझ्या बापाला, आमच्या बोलीत बापाकला, दिला होता. तो निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. तरी ठेवणीतली टोपी घालून, छिन्नीला धार लावून, तो आमच्या आधी चालत येऊन पोचला होता. लहान झाडांचे घड कमरेइतक्या उंचीवर येतात, त्यांना कोयता लागत नाही, छिन्नी लागते. बापाकने झाडाच्या अंगावर हात फिरवला, म्हशीच्या पाठीवर फिरवतात तसा. वाकला. दोन ठोके. घड खाली आला.

बापाक वाकलेलाच राहिला.

मला आधी वाटलं, त्याची पाठ भरली. मी पुढे झाले. मग मला घड दिसला.

तेलताडाचं फळ कसं असतं? सुपारीएवढं, गुळगुळीत, शेंड्याला काळं, बुडाला शेंदरी. शेकडो फळं एकमेकांना खेटून बसलेली असतात. या घडातल्या एकेका फळाला पाच-सहा शिंगं फुटली होती. मऊ, मांसल, शेंदरी बोटं. ती बोटं मधल्या फळाला चहूबाजूंनी आवळून बसली होती, जशी बुडणाऱ्या माणसाची बोटं दुसऱ्याच्या मानेला आवळतात. एक नाही, दोन नाही, अख्खा घड तसला.

"हे काय?" बापाक म्हणाला. "कोंबडीचे पाय शिजवून लावलेत की काय कुणी झाडाला?"

त्याने कमरेचा चाकू काढून एक फळ उभं चिरलं. आत बी नव्हतं. जिथे कठीण कवटी आणि पांढरा गर असतो तिथे पोकळ, ओलसर, बुरशी धरलेलं भोक. दुसरं चिरलं. तिसरं चिरलं. चाळीस वर्षं ज्याने फळं हाताळली तो माणूस एकेक फळ चिरून जमिनीवर ओळीने मांडत होता, आणि प्रत्येक फळानंतर माझ्याकडे बघत होता.

"न्दुक," तो हळूच म्हणाला. न्दुक म्हणजे पोरी; लहानपणापासून तो मला तेच म्हणतो. "हे तुमच्या बाटलीतलंच ना?"

"हो, बापाक."

मग सगळे धावले. ज्याला जे झाड जवळ, तिकडे. पानांचे काटे हाताला लागत होते, कुणाला शुद्ध नव्हती. तिउर्मा मोठ्याने मोजायला लागली. "एक, हेही तसलंच. दोन. तीन. चार, याचा तर घडच सडलाय. पाच..." तिचा आवाज रांगांमधून लांब लांब जात होता. एकतीसपर्यंत मला ऐकू आला. मग थांबला. ती परत आली तेव्हा तिच्या ओठांचा रंग गेला होता.

"नको मोजायला," ती म्हणाली. "सगळी."

पाक मार्पाउंग इस्त्रीच्या पँटनिशी चिखलात बसले. आठ वर्षांचा त्यांचा जीव त्या तुकड्यात उभा होता. त्यांनी एक फळ उचललं, शिंगं एकेक करून उलगडली, आणि वर्गात शिकवताना बोलतात त्याच शांत आवाजात म्हणाले, "हे पुंकेसर आहेत. मादीफुलात नुसते नावापुरते असतात, सुकून जायचे असतात. ते सुकायचं विसरले. फळ व्हायला निघाले." एवढं बोलून त्यांनी ते फळ परत घडाशेजारी ठेवलं.

पिवळ्या भाताचा डोंगर जीपमध्येच राहिला. दुपारी पाहिलं तर शेंड्याच्या मिरचीपर्यंत मुंग्या चढल्या होत्या.

त्या दिवशी घरी जाईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. सगळ्यांना वाटलं, पोरीला धक्का बसलाय. बसला होताच. पण बाकीच्यांना जे कळलं नव्हतं ते मला पहिला घड पडला त्याच क्षणी कळलं होतं.

ते सांगायचं तर आधी बाटल्यांचं सांगायला हवं.

प्रयोगशाळा म्हणजे मळ्यावरचा एक जुना लाकडी बंगला. दारात चपला काढायच्या, पाय धुवायचे, आतल्या सपाता घालायच्या. आत गारवा, स्पिरिटचा वास आणि फळ्यांवर शेकडो बाटल्या. प्रत्येकीच्या तळाशी आगर-आगरचा, समुद्री शेवाळाच्या जेलीचा, पारदर्शक थर, त्यावर पिवळसर कण्या. त्या कण्या म्हणजे ताडाच्या काळजातल्या, अजून न उलगडलेल्या पानाचे तुकडे, औषधांच्या पाण्यावर फुगून गोळा झालेले. पाक मार्पाउंग म्हणायचे, "या पेशींनी अजून काहीच व्हायचं ठरवलेलं नाही. पान नाही, मूळ नाही, फूल नाही. आपण त्यांना समजवायचं. पण हळू. लहान मुलाशी बोलतो तसं."

आम्ही दर महिन्याला तो गोळा दिव्याच्या ज्योतीजवळ चिमट्याने सोडवायचो, कापायचो, नव्या बाटलीत लावायचो. त्याला आम्ही फेरा म्हणायचो. नियम होता, बारा फेरे झाले की तो गोळा टाकून द्यायचा. ज्या ताडाचं ते पान, त्या आईझाडाचं नवं पान आणायचं, पुन्हा पहिल्या फेऱ्यापासून सुरुवात. का, ते नीटसं कुणाला माहीत नव्हतं. पाक मार्पाउंग एवढंच म्हणायचे, "फार दिवस घराबाहेर राहिलेलं पोर घरची रीत विसरतं."

बाकीच्या मुलींच्या बाटल्या काळ्या पडायच्या, त्यांत बुरशी यायची. माझ्या यायच्या नाहीत. आमच्याकडे म्हणतात, अमक्याचा हात थंड आहे. थंड हाताने लावलेलं रोप मरत नाही. माझा हात थंड, असं पहिल्या वर्षीच ठरून गेलं. माझी सतरा नंबरची बाटली तर बघायला लोक यायचे. दर महिन्याला तिच्यातला जो तुकडा सगळ्यांत जोरात वाढला असेल तोच मी पुढे न्यायचे, मंद असतील ते टाकून द्यायचे. वाढ म्हणजे तब्येत, असंच मला वाटायचं. अंगावर भरलेलं बाळ पाहून आपण म्हणतो ना, दृष्ट लागेल.

सतरा नंबर हे आईझाडाचं नाव. मळ्यातला सगळ्यांत घडाळू ताड, आणि वीस वर्षं त्याचे घड उतरवले माझ्या बापाने. पान काढायलाही त्यालाच बोलावलं होतं. ताडाचं काळीज कापायचं म्हणजे शेंड्यात उतरून, कोवळ्या पानांचा हातभर लांब गाभा कापून काढायचा. बापाकने तो कापला, ओल्या फडक्यात गुंडाळून आणून दिला. त्यानंतर झाड पिवळं पडलं. दोन वर्षं घड नाही, वाढ नाही. बापाक रोज कामावरून येताना वाट वाकडी करून त्याच्याकडे जाऊन यायचा. घरी कुणाशी बोलायचा नाही. आई म्हणायची, "झाड आजारी आहे का हा आजारी आहे, तेच कळेना."

पाक मार्पाउंग म्हणाले होते, "दुसऱ्यांदा कापलं तर कदाचित जगेल. कदाचित नाही."

आणि माझे बारा फेरे संपले.

काय करायचं होतं ते मला माहीत होतं. बापाकला सांगायचं, शेंड्यावर चढा, पुन्हा कापा. त्या रविवारी बंगल्यात कुणी नव्हतं. मी स्पिरिटच्या बोळ्याने बाटलीवरचा आकडा पुसला आणि नवा लिहिला. सतरा, फेरा पहिला.

सोमवारी तिउर्माला म्हणाले, "एदा, काल बापाकने सतराचं नवं पान आणून दिलं. मी लावूनही टाकलं."

पानांची वही तिच्याकडे असायची. आलेलं पान डोळ्यांनी बघायचं, मग सही करायची, हा तिचा नियम.

"मला दाखवायचं होतंस ना."

"तू चर्चमध्ये होतीस."

"बघा, मी देवाच्या दारात आणि ही बया इथे पानं लावतेय. तुझ्यासारखी सून मिळाली तर सासू आळशी होऊन मरेल," असं म्हणत तिने सही केली.

पुढच्या वर्षी पुन्हा तसंच. पुन्हा रविवार, पुन्हा बोळा, पुन्हा तिची सही. एकाच पानाचा गोळा, तीस फेरे. चौदा नंबरमधले तीनशे चाळीसच्या तीनशे चाळीस ताड त्या गोळ्याचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाक मार्पाउंग पानांची वही घेऊन आले. रात्रभर झोपले नव्हते. शर्ट कालचाच होता.

"तेरा नंबरच्या तुकड्यातले चाळीस ताड सतराच्या पहिल्या पानाचे," ते म्हणाले. "गेल्या वर्षी घडावर आले. उत्तम. एकही शिंग नाही. चौदातले सगळे दुसऱ्या आणि तिसऱ्या पानाचे. सगळे बिघडलेले. मग ती दोन पानं सतराची होती कशावरून? चला."

आम्ही आईझाडाकडे गेलो. पाक मार्पाउंग, तिउर्मा, मी. बापाकला घरून बोलावून घेतलं होतं.

"पाक सार्मिन, याचं काळीज किती वेळा कापलंत?"

"एकदाच."

"नक्की?"

बापाकला राग आला. "तुम्हाला तुमची पोरं किती ते नक्की आठवतं ना? हे बघा." त्याने खोडावर, वर शेंड्याच्या पाच-सहा हात खाली बोट दाखवलं. तिथे खोड एकदम बारीक झालं होतं, कुणी दोरीने कंबर आवळावी तसं. "ताड आपलं दुखणं लपवत नाही. ज्या वर्षी कापलं त्या वर्षीची ही कंबर. त्याच्या वर बघा, सगळं भरलेलं. एकच घाव आहे याच्या अंगावर. माझ्या हातचा."

पाक मार्पाउंगनी वही उघडली. "इथे तीन पानं लिहिलीत. तीन सह्या." ते तिउर्माकडे वळले. "मग बाकीची दोन कुठल्या झाडाची?"

तिउर्माने वहीकडे पाहिलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. आश्चर्याने, भुवया किंचित उचलून, जसं एखाद्याने आपलं नाव हाकारलं असेल आणि आपण ते नीट ऐकलं नसेल.

मी जमिनीकडे बघितलं.

"सही माझी आहे, पाक," ती म्हणाली.

"मी सहीचं विचारत नाहीये. पान कुणी आणलं?"

"बघितल्याशिवाय सही करायची नाही असा नियम आहे. मी बघितलं नव्हतं. सही माझी आहे."

"तिउर्मा, हे मस्करीवारी नेऊ नकोस. मळ्याला कळवावं लागेल मला. चुकीच्या झाडाचं पान आलं, रोगट झाडाचं, आणि ते वहीत सतराचं म्हणून चढलं." ते माझ्याकडे वळले. "वार्तिनी, बाटल्या तुझ्या होत्या. तुला काही माहीत आहे?"

"नाही, पाक."

तो आवाज माझ्या तोंडातून आला. मला खरंच वाटेना की तो माझा. मी मागे वळून बघितलं सुद्धा, दुसरं कुणी उभं आहे का म्हणून. पायाखालची जमीन तशीच होती, माशा तशाच घोंगावत होत्या, आणि इतक्या सोप्या दोन शब्दांत मी एका माणसाला दरीत ढकलून दिलं होतं.

परत जाताना आम्ही दोघी चालत निघालो. जीपमध्ये बसवत नव्हतं कुणालाच. जीपचा आवाज लांब गेल्यावर ती म्हणाली, "एदा, जीभ काय आगर-आगरमध्ये लावून ठेवलीस? फुटायला किती महिने घेईल?"

मी चालत राहिले.

"एकच सांग. पान आलं होतं का?"

मी वाटेत पडलेलं एक सुटं फळ उचललं. पण ती नऊ वर्षं माझ्याशेजारी बसली होती. मी श्वास कसा घेते त्यावरून तिला कळायचं, बाटलीत बुरशी आहे की नाही.

"अच्छा," ती म्हणाली, आणि वाटेतच उभी राहिली. तिचा चेहरा काल घड बघताना झाला होता तसा झाला. "अच्छा, अच्छा. अगं देवा. तीच बाटली?"

"एदा, मी सांगते त्यांना, मी..."

"केव्हा? आत्ता विचारलं तेव्हा दात दुखत होता का?" ती पुढे चालायला लागली. मग पाठ न वळवता म्हणाली, "मी चहाडी करणार नाही. तुझ्या घशात अडकलंय ते मी का काढू? माझी चूक मी बोलले. न बघता सही केली, कारण तू म्हणालीस. फार तर शनिवारपर्यंत ठेवतील मला."

तसंच झालं, शनिवारी तिला काढायचं ठरलं. हातात कागद देऊन, त्यावर निष्काळजीपणा असं लिहून. तो कागद असलेल्या बाईला पुन्हा कुठल्या प्रयोगशाळेचं दार उघडणार नव्हतं. तिला दुसरं काही येतही नव्हतं, आणि दुसरं काही आवडतही नव्हतं.

बुधवारी मी पाक मार्पाउंगच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. ते टेबलावर डोकं ठेवून बसले होते, शेजारी शिंगांची फळं ओळीने मांडलेली. परत फिरले. गुरुवारी घरी जेवताना तोंड उघडलं. बापाक तेंपेचा, आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचा, तुकडा सांबालच्या तिखट चटणीत बुडवत म्हणाला, "तुझा हात थंड आहे म्हणून वाचली बरं का तुझी बाकीची रोपं. त्या बाईने कुठल्या झाडाचं पान आणून तुझ्या गळ्यात मारलं, तिचं तिला माहीत." आई म्हणाली, "पोरगी वाळून गेली काळजीने, वाढ तिला भात." मी तोंड मिटलं. भात गिळला.

शनिवारी सकाळी तिउर्माने आपलं सामान गोळा केलं. पांढरा कोट, आतल्या सपाता, भजनांचं पुस्तक, डब्याचं फडकं. दहा मिनिटांत नऊ वर्षं एका पिशवीत मावली. आपल्या बाटल्यांच्या फळीपुढे ती जरा उभी राहिली आणि एक बाटली उजेडात धरून बघितली. सवयीने.

"ही बघत राहा," ती कुणाला तरी म्हणाली. माझ्याकडे न बघता. "हिला कोंब येतोय."

पाक मार्पाउंगनी कागद टेबलावर ठेवला, पेन ठेवलं. "मिळाला म्हणून सही कर," ते म्हणाले.

तेवढ्यात दारात पाय धुतल्याचा आवाज आला. बापाक. इतक्या वर्षांत तो कधी आत आला नव्हता. सपाता कुठल्या घालायच्या ते न कळल्याने तो ओल्या अनवाणी पायांनीच उंबऱ्याच्या आत उभा राहिला. एका हातात टोपी, दुसऱ्या हातात केळीच्या पानात बांधलेलं आंबवलेल्या कसाव्याचं तापाई.

"माफ करा," तो म्हणाला. "मला पाक मार्पाउंगना आणि या बाईंना एक बोलायचंय."

मला वाटलं तो तिला ओरडणार.

"चार दिवस झोप नाही मला," बापाक म्हणाला. "विचार करून करून एक गोष्ट कळली. सतराला कापल्यावर मी दोन वर्षं सुतकी तोंड करून हिंडलो. सगळ्या मळ्याने बघितलं. या बाईंनीही बघितलं असणार. मग पुन्हा पान लागलं तेव्हा या म्हाताऱ्याला पुन्हा काप म्हणून कसं सांगायचं, असं वाटलं असेल त्यांना. माझ्या तोंडाला घाबरल्या असतील. दया आली असेल. म्हणून मला न सांगता दुसऱ्याच झाडाचं घेतलं असेल." त्याने तापाईची पुडी तिउर्मापुढे टेबलावर ठेवली, त्या कागदाच्या शेजारी. "झाडावर माया करावी, पण लोकांना बोलायची चोरी होईल इतकी नाही. चूक माझी आहे, बाई. मला क्षमा करा. पाक, कागदावर माझं नाव घाला. मी तर निवृत्त आहे, माझं काय जातंय?"

तिउर्माच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिने ते पुसलं नाही. माझ्याकडे बघितलं नाही, अजूनही नाही. तिने पेन उचललं.

"अहो पाक सार्मिन," ती एवढंच म्हणाली, "तुम्ही कशाला." आणि कागद जवळ ओढला.

मी उभी राहिले. मागे स्टूल पडलं.

"सही करू नकोस, एदा."

सगळे माझ्याकडे बघत होते. बापाकच्या ओल्या पावलांचे ठसे लाकडी जमिनीवर अजून वाळले नव्हते.

"पान आलंच नव्हतं," मी म्हणाले. "दुसरंही नाही, तिसरंही नाही. कुठल्या दुसऱ्या झाडाचंही नाही. तीच बाटली होती, बापाक. तुम्ही कापलेल्या एकाच पानाची. तीस फेरे केले मी तिचे. दोनदा आकडा पुसला, दोनदा पहिला म्हणून लिहिला, आणि हिला खोटं सांगून सही घेतली. तुम्ही म्हणता तसंच झालं, तुम्हाला पुन्हा वर चढायला सांगायची छाती झाली नाही. पण तेवढंच नव्हतं, बापाक. ती बाटली सगळ्यांत जोरात वाढायची, लोक बघायला यायचे, आणि मला ती टाकवली नाही."